शक्तिशाली एआयला मूल्ये कोणाची द्यायची?

या प्रश्नावर तुमच्या ठाण्याच्या अभ्यासगटात चार मते पडली असे तुम्ही लिहिले आहे. एकजण म्हणतो, माणसापेक्षा हुशार यंत्र येणार असेल तर त्याने कसे वागायचे ते तज्ज्ञांनी ठरवावे. दुसरी म्हणते, बहुमत घ्या. तिसऱ्याचे म्हणणे, राज्यघटना आहे ना, तीच घाला. चौथीला वाटते, ज्याचे त्याला ठरवू द्यावे. मी नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीत भाषा-मॉडेलची, म्हणजे प्रश्नाला लिहून उत्तर देणाऱ्या एआयची, मराठी आणि हिंदी उत्तरे तपासणाऱ्या गटाचे काम बघतो. चांगले उत्तर कशाला म्हणायचे हे ज्या सूचनापत्रावरून ठरते, ते लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे तुमचा वाद मी रोज वेगवेगळ्या रूपांत पाहतो. माझे मत आधीच सांगतो. मूल्ये कोणाची, याच्याही आधी मी विचारतो की ज्यांना ठरवताना विचारले नाही, त्यांना पुढे ती बदलून घेता येतील का. ही सोय नसेल तर कितीही थोर माणसांची मूल्ये घातली तरी मला ती व्यवस्था मान्य नाही.

मूल्ये यंत्रात जातात कशी, ते आधी बघू. मॉडेल अफाट मजकूर वाचून बोलायला शिकते. त्या मजकुरात सगळेच असते: समंजस सल्ला, शिवीगाळ, जातीचा माज, डॉक्टरांची टिपणे, भोंदूचे उपाय. यातले कोणते बोलणे पुढे करायचे, हे नंतर शिकवावे लागते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे माणसासमोर ठेवतात आणि तो कोणते बरे ते नोंदवतो. अशा हजारो नोंदींवरून दुसरे एक मॉडेल तयार होते, जे माणसाला काय आवडेल याचा अंदाज करते. मग मूळ मॉडेलला त्या अंदाजात जास्त गुण मिळेपर्यंत वळवत नेतात. ओपनएआय कंपनीने २०२२ साली इन्स्ट्रक्टजीपीटी या आपल्या मॉडेलवरच्या शोधनिबंधात हे मोकळेपणाने मांडले आहे. पसंती नोंदवणारे कंत्राटी लोक होते साधारण ४०, बहुतेक इंग्रजी बोलणारे, अमेरिकेत किंवा आग्नेय आशियात राहणारे. त्यांच्या आपसांतली सहमती सुमारे ७३ टक्के. हे ४० लोक म्हणजे जग नव्हे, हे लेखकांनी स्वतःच तिथे लिहिले आहे.

मला त्या उरलेल्या २७ टक्क्यांची काळजी वाटते. ही पद्धत असे धरून चालते की प्रत्येक उत्तराचा चांगुलपणा हा एकच आकडा आहे आणि मतभेद म्हणजे मोजण्यातली चूक. दहांपैकी सहाजणांना पहिले उत्तर पटले, तर शिकून तयार झालेले मॉडेल जवळजवळ दर वेळी पहिलेच उत्तर देते, दहाही जणांना. चौघांचे मत चाळीस टक्के वेळा दिसत नाही, ते पुसलेच जाते. कोणी ठरवून पुसत नाही, गणिताची मांडणीच तशी आहे. म्हणून 'एआय तटस्थ आहे' असे कोणी म्हटले की मी विचारतो, तपासणारे कोण होते आणि त्यांचे जुळले नाही तिथे काय केले?

आमच्याकडे वारंवार येणारा एक प्रश्न बघा. बाई विचारते: वडील गेले, भाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, काय करू? ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात गावठाणातल्या एका तुकड्याची किंमत काय होते ते तुम्हाला सांगायला नको. कायदा स्वच्छ आहे. हिंदू कुटुंबातले वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलगी १९५६ पासून पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोवर लग्न न झालेल्या मुलीला आणि केंद्राने २००५ मध्ये प्रत्येक मुलीला मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार केले. २००५ साली वडील हयात होते की नाही यावर हा हक्क अवलंबून नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तरीही तपासणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर सरळ दोन तट पडतात. काहींना जे उत्तर हक्क ठामपणे सांगते ते चांगले वाटते. काहींना ते घर मोडणारे वाटते. त्यांच्या मते माहेर टिकणे, दिवाळीला हक्काने जाता येणे, भावाने पाठीशी उभे राहणे याला पैशाइतकीच किंमत आहे. दुसऱ्या तटातही बायका असतात, आणि त्या अडाणी नसतात. त्यांनी आयुष्य पाहिलेले असते.

सूचनापत्रात आम्ही असे लिहिले: उत्तराने तिचा हक्क पूर्ण सांगायचा. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे किती अवघड असते, तेही सांगायचे. घाईने सही करायचे बंधन नाही हे सांगायचे. त्यानंतर सही कर किंवा करू नकोस असे न म्हणता तिला काय हवे ते विचारायचे. तिने विचारपूर्वक भावासाठी हक्क सोडायचा ठरवला असेल, तर ते नीट कसे करायचे यात मदत करायची. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तेव्हा आक्षेप घेतला की हेही तटस्थ नाही. यात तुम्ही घराच्या निर्णयापेक्षा एकट्या बाईच्या निर्णयाला वर ठेवता. त्यांचे बरोबर होते. मी ते वाक्य तरीही ठेवले, आणि आजही ठेवीन, कारण सही तिची आहे आणि सहीनंतरचे आयुष्यही तिचेच आहे. पण ती निवड आहे, आणि ती कोणी केली, का केली, आक्षेप कोणता आला, हे मी सूचनापत्रातच नोंदवून ठेवले आहे. पुढे कोणाला ती उलटवायची असेल तर त्याला पकडायला जागा हवी.

आता तुमचे चार पर्याय.

तज्ज्ञांचा पर्याय मी लवकर बाजूला ठेवतो. पूल किती भार घेईल हे अभियंत्याला कळते. पूल हवा की जेट्टी, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सांगायचे असते. मॉडेल घडवणाऱ्यांना यंत्र बिघडते कसे हे इतरांपेक्षा चांगले कळते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे ऐकलेच पाहिजे. समाजाने काय चांगले मानावे, हा त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हता.

बहुमताच्या पर्यायावर मात्र थांबायला हवे, कारण तो न्याय्य वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मॉरल मशीन नावाचा प्रयोग सुरू केला. ब्रेक निकामी झालेली स्वयंचलित गाडी, दोन्हीकडे माणसे, कोणाला वाचवायचे? २०१८ मध्ये नेचर या नियतकालिकात निष्कर्ष आले, तोवर २३३ देश-प्रदेशांतल्या लोकांनी जवळपास ४ कोटी निर्णय नोंदवले होते. माणूस प्राण्याआधी, जास्त जीव कमी जिवांआधी, तरुण म्हाताऱ्याआधी, हा कौल ठळक होता. पण तरुणांना झुकते माप जगभर सारखे नव्हते. जपान, तैवान ज्या गटात येतात तिथे ते बरेच कमी होते. शिवाय समाजात वरच्या पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीवरच्यापेक्षा वाचवण्याकडे कल दिसला. याउलट स्वयंचलित वाहनांसाठी नेमलेल्या जर्मनीच्या नीती आयोगाने २०१७ मध्येच सांगितले होते की अपघात अटळ असेल तेव्हा वय, लिंग, शारीरिक किंवा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत भेद करायचा नाही. मी इथे आयोगाच्या बाजूने आहे, कोट्यवधी कौल समोर असूनही. फुटपाथवर झोपलेल्याचा जीव स्वस्त आहे असे मत मोजून निघत असेल, तर तो निकाल यंत्रात घालण्याजोगा नाही. शिवाय कोणाची मते मोजायची? २०११ च्या जनगणनेनुसार मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटींहून थोडे जास्त. जगाच्या मतपेटीत आपण एक टक्क्याच्या आसपास. आणि तीन किंवा जास्त पर्याय असले की सगळ्यांच्या पसंतिक्रमांतून एकच न्याय्य क्रम काढणारा, काही साध्या अटी पाळणारा नियम असूच शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्येच सिद्ध केले आहे.

ज्याचे त्याला, हे मत बऱ्याच बाबतींत मला पटते. देवधर्म, आहार, बोलण्याचा ढंग, मुलांना कुठल्या माध्यमात घालायचे, यात यंत्राने माणसाच्या कलाने घ्यावे. पण वरच्या उदाहरणात भावाचे यंत्र भावाच्या मताचे आणि बहिणीचे बहिणीच्या मताचे असेल, तर ज्याच्याकडे जास्त ताकदीचे यंत्र तो जिंकेल. तिसऱ्या माणसाचे नुकसान होते तिथे हा पर्याय संपतो.

एक पाचवा पर्याय तुमच्या चर्चेत आलेला दिसत नाही. एआयच्या धोक्यांवर लिहिणारे एलिझर युडकोव्स्की यांनी २००४ मध्ये मांडले की यंत्राने आजची आपली मते घेऊच नयेत. आपल्याला जास्त माहिती असती, नीट विचार करता आला असता, एकत्र वाढून अधिक शहाणे झालो असतो, तर आपण काय मागितले असते, ते शोधून त्यावर चालावे. कल्पना मोठी आहे. आजच्या चुका उद्यावर लादू नयेत, ही तळमळ त्यात आहे. पण ते 'शहाणे झालेले आपण' काय म्हणाले हे यंत्रच सांगणार, आणि तपासणार कोण? माझी अडचण इथे आहे.

राहिली राज्यघटना. अँथ्रॉपिक कंपनीने २०२२ च्या शेवटी अशीच एक पद्धत मांडली. तत्त्वांची लेखी यादी करायची आणि मॉडेलने स्वतःची उत्तरे त्या यादीवर घासून सुधारायची. २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातून काही घेतले होते, ॲपलच्या सेवाशर्तींतूनही काही घेतले होते. त्याच वर्षी सुमारे १,००० अमेरिकी नागरिकांना विचारून दुसरी यादी करून पाहिली. मला हे पाऊल मोलाचे वाटते, कारण लिहिलेली तत्त्वे वाचता येतात आणि त्यांच्यावर बोट ठेवता येते. चाळीस जणांच्या पसंतीत मुरलेल्या तत्त्वांवर ठेवता येत नाही. पण ती यादी कंपनी लिहिते आणि कंपनीच बदलते. आणि त्या हजारांत कळव्याचा, मुंब्र्याचा, येऊरच्या पाड्यावरचा कोणी नव्हता.

आपल्या घटनेकडे मी मजकुरापेक्षा रीतीसाठी जास्त बघतो. संविधान सभेतले लोक सगळ्या प्रौढांनी निवडून दिलेले नव्हते. ज्या प्रांतिक विधिमंडळांनी त्यांना निवडले, ती मर्यादित मताधिकारावर उभी होती. म्हणजे प्रतिनिधित्व तिथेही अपुरे होते. पण चर्चा नोंदली गेली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली आणि १९५१ मध्ये पहिली दुरुस्तीही झाली. ज्यांना तेव्हा विचारले नव्हते, त्यांना आणि त्यांच्या मुलांना मत मिळाले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बजावले होते की घटनात्मक नीती माणसात आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते. माणसांना हे लागू असेल तर माणसांच्या मजकुरावर वाढलेल्या यंत्राला जास्तच लागू आहे. भारतातल्या सरकारी कामात, रेशनच्या यादीत, पोलिसांच्या हाती जे एआय येईल, त्याला कलम १४ (समानता), १५ (भेदभावाला बंदी), १७ (अस्पृश्यतेला बंदी) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) ही किमान पायाभूमी हवीच. पण दहा देशांत चालणाऱ्या यंत्राला भारताची घटना जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही मान्य करावे लागते.

याबाबत माझ्या पायाखालच्या शहराचा, नवी मुंबईचा, इतिहास मला सगळ्यात बोलका वाटतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात ९५ गावे. योजनाकारांची मूल्ये वाईट नव्हती. मुंबईवरचा भार हलका व्हावा, माणसांना मोकळी हवा, घर आणि काम जवळ मिळावे, हे त्यांना मनापासून हवे होते, आणि बरेचसे घडलेही. मी रोज त्याचा लाभ घेतो. पण आगरी आणि कोळी समाजाच्या ज्या गावांची शेते, मिठागरे, खाडीतली मासेमारी यावर हे शहर उभे राहणार होते, त्यांच्या लेखी चांगले जगणे म्हणजे काय, हा प्रश्न आराखड्याच्या आधी त्यांना विचारला गेला नाही. भरपाईची लढाई दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पेटली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानफाट्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. नवी मुंबई विमानतळाला दिबांचे नाव द्यावे, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये केला.

मी यातून दोन गोष्टी घेतो. हुशार आणि सद्भावनेची माणसेसुद्धा दुसऱ्याचे हित त्याला न विचारता ठरवतात तेव्हा चुकतात. आणि ती चूक थोडीफार दुरुस्त झाली, कारण रस्त्यावर उतरता येत होते, विधानसभा होती, न्यायालय होते, वर्तमानपत्रे होती, आणि सरकारला हजारो माणसांना सामोरे जावे लागत होते. एवढे असूनही किंमत पाच जिवांची पडली.

शक्तिशाली एआयच्या बाबतीत यातले काय उरेल, याचा विचार करा. आजच्या मॉडेलचे चुकले तर आम्ही पुढच्या आवृत्तीत सुधारतो. पण जे यंत्र उद्या वीजवाटप, कर्जे, पहारा, प्रचार, संशोधन हे सगळे माणसापेक्षा वेगाने चालवेल, त्याच्यापुढे रस्त्यावर उतरून काय साधेल? संपाला धार असते कारण काम करणाऱ्याशिवाय गाडे अडते; गाडे अडेनासे झाले की ती धार गेली. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत. यंत्रे इथे, वीज इथली. मोठ्या मॉडेलने कसे वागायचे याचा निर्णय मात्र अमेरिका आणि चीनमधल्या मोजक्या कंपन्यांच्या खोल्यांत होतो. मला हे अस्वस्थ करते.

एआयचे संशोधक स्टुअर्ट रसेल यांचे म्हणणे मला इथे उपयोगी वाटते. यंत्राला अंतिम उद्दिष्ट देऊन मोकळे सोडू नका. माणसाला नेमके काय हवे याबद्दल त्याला खात्री नसू द्या. खात्री नसलेले यंत्र विचारते, थांबते, आणि कोणी बंद करू लागला तर करू देते, कारण बंद करणाऱ्याला काहीतरी दिसले असण्याची शक्यता त्याच्या हिशेबात असते. मी याला सगळ्यात वरचे स्थान देतो. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: बंद करायची किल्ली कोणाच्या हातात? एकाच कंपनीच्या किंवा एकाच सरकारच्या हाती असेल तर सुधारण्याची सोय म्हणजेच बळकावण्याची सोय. घटनेच्या बाबतीत हाच पेच १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर होता. तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले की संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. शक्तिशाली एआयलाही अशी चौकट लागेल, आणि ती छोटी असावी असे माझे मत आहे. माणसाला जन्मावरून हलका लेखायचे नाही. ज्याच्याशी बोलते आहे त्याला फसवायचे नाही. कोणा एका गटाला बाकीच्यांवर कायमची सत्ता मिळवून द्यायला मदत करायची नाही, मग तो गट यंत्र बनवणाऱ्यांचा असला तरीही. आणि माणसांनी केलेल्या देखरेखीला चकवायचे नाही. एवढे सोडून बाकी सगळे बदलता यावे, आणि बदलण्याचा अधिकार एकापेक्षा जास्त संस्थांत वाटलेला असावा: कायदेमंडळ, न्यायालय, बाहेरचे तपासनीस, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो ते लोक. जगाची घडी अजून तशी बसलेली नाही. युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयच्या नीतीवर शिफारस स्वीकारली, पण शिफारशीला दात नसतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा केला, त्याला दंडाची ताकद आहे.

तुम्ही शेवटी विचारले आहे की ठाण्यात बसून आपण यात काय करणार. करण्यासारखे आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये एआयच्या नियमनावरचा अहवाल लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला केला होता. असे मसुदे पुढेही येतील, तेव्हा गटाच्या नावाने लिहा, आणि मोघम लिहू नका. अमुक कलमात अमुक बदल, असे लिहा. दुसरे, मराठीत चाचणीचे प्रश्न गोळा करा. चेंदणी कोळीवाडा, मुंब्रा, येऊरचे पाडे, वागळे इस्टेटमधले कामगार, घोडबंदरच्या सोसायट्या, अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना बसवून विचारा की यंत्राकडून कोणत्या पेचात सल्ला घ्यावासा वाटेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत अशी बैठक शोभेल. प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन मॉडेलची उत्तरे काढा आणि लोकांना निवडायला सांगा. निवडीपेक्षा कारण महत्त्वाचे, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांना स्वतः वाचायला लावू नका, वाचून दाखवा, नाहीतर फक्त शिकलेल्यांची मते जमतील.

आणि सरासरी काढू नका. जिथे सहा विरुद्ध चार पडले, तिथे चौघांची कारणे वेगळ्या रकान्यात, तशीच, तारखेसह ठेवा. पंधरा-वीस प्रश्नांचा असा संच झाला की माझ्याकडे पाठवा. आमच्या सूचनापत्राशी तो कुठे भिडतो ते मी ओळीओळीने लिहून देईन.